कॅन्सरच्या रुग्णाचं मन मोजता येतं का?

कॅन्सरचा रुग्ण तपासायला आला की आम्ही डॉक्टर काय काय मोजतो? वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, गाठ किती सेंटिमीटरची होती आणि आता किती उरली. एवढं सगळं झालं की मनाबद्दल एकच प्रश्न विचारतो, "काय, कसं वाटतंय?" उत्तरही ठरलेलं असतं, "बरं आहे, डॉक्टर." आम्ही कागदावर "तब्येत ठीक" असं लिहितो आणि बेल वाजवून पुढच्या रुग्णाला बोलावतो.

मीही अनेक वर्षं हेच केलं. त्यातली एक चूक तुम्हाला सांगतो.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या एक मावशी बीपी आणि शुगरसाठी माझ्याकडे येत. रिपोर्ट उत्तम. दर वेळी हसून "बरं आहे" म्हणत. सोबत मुलगा किंवा नवरा असेच. सात-आठ महिन्यांनी एकदा त्यांच्या जाऊबाई सोबत आल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ही रात्र रात्र स्वयंपाकघरात बसून असते. देवपूजासुद्धा सोडलीय."

त्या दिवशी मी जाऊबाईंना बाहेर बसवलं आणि मावशींना विचारलं, "शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारा त्रास, असं धरलं, तर गेल्या आठवड्यात तुमच्या मनाला किती त्रास झाला?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ."

मरणाची भीती त्यांना फारशी नव्हतीच. उपचारांसाठी मुलीच्या लग्नाचे दागिने मोडले होते आणि "आईला कॅन्सर" हे कळल्यावर मुलीला कोण करून घेईल, ही चिंता होती. त्याच्याही खाली एक प्रश्न होता, "मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" या प्रश्नामुळे देवासमोर बसणं त्यांना जमेना. माझ्या कागदावर मात्र सात-आठ वेळा "तब्येत ठीक" लिहिलेलं होतं.

आकडा कशाला हवा?

मी त्यांना विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तिला "डिस्ट्रेस थर्मामीटर" म्हणतात. कागदावर तापमापकाचं चित्र असतं, 0 ते 10 आकडे असतात आणि शेजारी अडचणींची यादी असते: पैसे, मुलंबाळं, झोप, भीती, दुःख, श्रद्धेबद्दलचे प्रश्न. रुग्णाने आकड्यावर खूण करायची. 4 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर डॉक्टरांनी थांबून नीट विचारपूस करायची, असा साधारण नियम आहे.

"तुम्हाला मानसिक आजार आहे का?" असं विचारलं तर आपल्याकडेच काय, अमेरिकेतही माणूस "छे छे" म्हणतो. "त्रास किती?" असं विचारलं तर तो बोलतो. दुखणं किती, हे आपण 0 ते 10 मध्ये विचारतोच. त्याच धर्तीवर हे मोजमाप तयार झालं.

थोडं खोलात जायचं असेल तर दुसरी साधनं आहेत. "हॅड्स" ही 1983 मध्ये आलेली 14 प्रश्नांची यादी आहे. त्यातले 7 प्रश्न चिंतेचे आणि 7 नैराश्याचे. तिची खुबी अशी की थकवा, भूक, वजन यांसारखी शारीरिक लक्षणं त्यात मुद्दाम धरलेली नाहीत. केमो घेणाऱ्या माणसाची भूक जाणारच. तेवढ्यावरून त्याला नैराश्य आहे असं ठरवणं चुकीचं होईल.

अध्यात्म म्हणजे फक्त पूजाअर्चा नव्हे

आध्यात्मिक स्वास्थ्य मोजायलाही प्रश्नावली आहे, "फॅसिट-एसपी". 12 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. गेल्या 7 दिवसांचा विचार करून उत्तरं द्यायची. तिचे तीन भाग आहेत: जगण्याला अर्थ वाटतो का, मनात शांती आहे का, आणि श्रद्धेचा आधार वाटतो का.

आपल्याकडे "अध्यात्म" म्हटलं की जप, पोथी, वारी, सत्संग असंच डोळ्यांसमोर येतं. पण रोज दोन तास पोथी वाचणारा माणूस आतून घाबरलेला असू शकतो, आणि कधीही देवळात न गेलेला माणूस "मला करायचं ते मी केलं" म्हणत शांत झोपू शकतो. या प्रश्नावलीवरच्या अभ्यासांतही असंच दिसलं की रुग्णाच्या जीवनमानाशी श्रद्धेच्या गुणांपेक्षा अर्थ आणि शांती यांचं नातं जास्त घट्ट असतं. म्हणून नास्तिक माणसाचे श्रद्धेचे गुण कमी आले, तर त्याला "आध्यात्मिकदृष्ट्या अस्वस्थ" ठरवू नये. नुसत्या बेरजेवर न जाता तिन्ही भाग वेगवेगळे बघावेत.

माझं मत

मन पूर्णपणे मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. तापमापक तरी कुठे न्यूमोनिया आहे की मलेरिया हे सांगतो? तो फक्त सांगतो, "इकडे लक्ष द्या." या आकड्यांचं कामही तेवढंच. म्हणून कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारला जावा, असं मला ठामपणे वाटतं. निदान झाल्यावर, उपचार चालू असताना, उपचार संपल्यावर आणि आजार उलटला तर पुन्हा. उपचार संपल्यावरचा काळ तर हमखास विसरला जातो. घरचे पेढे वाटतात आणि रुग्ण मात्र पुढच्या स्कॅनच्या तारखेकडे बघत बसतो.

पण तीन अटी आहेत.

पहिली, प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारावा. मुलासमोर, नवऱ्यासमोर आई "बरं आहे" हेच म्हणणार. तिला त्यांना जपायचं असतं.

दुसरी, आकडा लिहून फाइल बंद करू नये. आकडा मोठा आला तर आधी शरीर तपासावं. दुखणं आटोक्यात आहे का? थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक आहे का? केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडनेही झोप उडते, चिडचिड होते. मग समुपदेशन, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, पैशाचा प्रश्न असेल तर हॉस्पिटलचे समाजसेवक. नैराश्यावर उपचार आहेत आणि कॅन्सर असतानाही ते लागू पडतात.

तिसरी, कमी-जास्त गुणांवरून रुग्णाला दोष देऊ नये. "पॉझिटिव्ह रहा, म्हणजे कॅन्सर बरा होईल" हे वाक्य कृपया बोलू नका. खचल्यामुळे गाठ वाढते असं सिद्ध झालेलं नाही. उलट, आजार वाढला तर "मी पुरेसा पॉझिटिव्ह नव्हतो" हे ओझं रुग्णाच्या डोक्यावर बसतं.

तुम्ही काय करू शकता?

- रुग्ण असाल तर पुढच्या भेटीआधी चिठ्ठीवर आपला 0 ते 10 मधला आकडा आणि सगळ्यात मोठी काळजी लिहून ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.
- नातेवाईक असाल तर रुग्णाला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. आणि स्वतःचा आकडाही बघा. रात्री जागणाऱ्याचाही आकडा मोठा असतो.
- "जगून काय उपयोग", "तुम्हाला माझा त्रास नको" असं वारंवार कानावर आलं तर ते उडवून लावू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. रुग्णाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

मावशींचा आकडा पुढे चार महिन्यांनी आठवरून तीनवर आला. औषध थोडं, बोलणं जास्त. "मी कुणाचं काय वाईट केलं होतं?" या प्रश्नावर माझ्याकडे एवढंच उत्तर होतं की, कॅन्सर ही शिक्षा नाही. पेशींच्या वाढीतला तो बिघाड आहे आणि तो सज्जनांनाही होतो. त्यांनी पुन्हा पूजा सुरू केली की नाही, ते मी विचारलं नाही. रात्री झोप लागते, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आता माझ्याकडे कॅन्सरचा रुग्ण आला की बीपीच्या आकड्याखाली मी आणखी एक आकडा लिहितो. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर तो नसेल, तर तुम्हीच आठवण करून द्या. आम्हाला राग येणार नाही. आला तरी हरकत नाही, पण आकडा सांगा.