दुसरी परीक्षानळी कशासाठी?

दहावीचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, 'सायन्स आपल्या पोरांना झेपायचे नाही.' मार्क चांगले असूनही मूल दुसरीकडे वळते. जी मुले धाडस करून सायन्सला जातात, त्यांतली पुष्कळशी प्रॅक्टिकलला बिचकतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असतो, पण कपाटात. मग कुणाचे तरी जर्नल आणायचे, रात्र जागून उतरवायचे आणि सरांची सही घ्यायची.

मी स्वतः कॉमर्सचा, ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस. पण वस्तीच्या अभ्यासिकेत मुलांबरोबर जीवशास्त्राचे काही प्रयोग करून पाहिले आणि माझीच भीती गेली. त्याविषयी आज सांगतो.

अकरावीतली एक मुलगी जर्नल उतरवत बसली होती. प्रयोग होता, 'लाळेची स्टार्चवर होणारी क्रिया'. दोन परीक्षानळ्यांची सुबक आकृती काढली होती. मी विचारले, "बाळ, पहिल्या नळीत लाळ घातली, ते कळले. दुसरीत नुसते पाणी का घातले?"

ती म्हणाली, "सरांनी सांगितलं म्हणून, काका."

परीक्षेत तोंडी प्रश्न विचारतात तो नेमका हाच. जर्नल उतरवणारे मूल येथे गप्प होते. म्हणून आम्ही प्रयोग करायचे ठरवले.

भाताची पेज घेतली. भातात स्टार्च म्हणजे पिष्टमय पदार्थ असतो. स्टार्चवर आयोडिनचा थेंब पडला की रंग निळा-काळा होतो. मेडिकलच्या दुकानातले टिंक्चर आयोडिन याला चालते. लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. ते स्टार्चचे तुकडे करून त्याची एक प्रकारची साखर बनवते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो यामुळेच. स्टार्च संपला की आयोडिनचा रंग निळा होत नाही, पिवळसर तपकिरीच राहतो.

आम्ही काचेचे दोन छोटे ग्लास घेतले. दोन्हींत सारखी पेज घातली. एकात अर्धा चमचा लाळ, दुसऱ्यात अर्धा चमचा पाणी. दोन्हींत आयोडिन टाकले आणि दोन्ही ग्लास निळे झाले!

मुलीचा चेहरा उतरला. "काका, पुस्तकात आहे तसंच लिहून टाकू का?"

मी म्हणालो, "आमच्या ऑफिसात जमा-खर्चाचा ताळा बसला नाही, तर आकडा खोडून ताळा बसवत नाहीत. चूक कुठे झाली ते पानोपान शोधतात. आधी आहे ते लिही, मग शोधू."

शोधल्यावर सापडले. पेज फार घट्ट होती आणि लाळ घातल्याबरोबर आम्ही आयोडिन टाकले होते. विकराला काम करायला वेळच दिला नव्हता. दुसऱ्यांदा पेज पातळ केली, गाळली, गार होऊ दिली. गरम पेजेत आयोडिनचा निळा रंग टिकत नाही, म्हणून गार करणे महत्त्वाचे. लाळ आणि पाणी घालून दोन्ही ग्लास कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवले. मग थेंब टाकला. पाण्याचा ग्लास निळा झाला, लाळेचा पिवळसरच राहिला. मुलीने टाळी वाजवली.

आता तिलाच विचारले, "पाण्याचा ग्लास नसता तर?" तिने थोडा विचार केला. "मग कुणी म्हटलं असतं की आयोडिनच खराब होतं, नाहीतर वीस मिनिटांत स्टार्च आपोआप संपला. पाण्याच्या ग्लासात निळा रंग आला, म्हणजे काम लाळेनंच केलं."

हेच ते उत्तर! या दुसऱ्या नळीला शास्त्रात 'कंट्रोल' म्हणतात. दोन्हींत सगळे सारखे ठेवायचे, फरक फक्त एकच. मग परिणामात जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीमुळे. पुढे आम्ही तिसरा ग्लास केला, त्यात उकळून गार केलेली लाळ घातली. तो निळा झाला, कारण उष्णतेने विकर निकामी होते. (आयोडिन पोटात जाता कामा नये. प्रयोगाचे ग्लास वेगळे ठेवावेत आणि लहान मुलांपासून दूर ठेवावेत.)

ही युक्ती जुनी आहे. इटलीत फ्रान्सेस्को रेडी नावाचे वैद्य होते. सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात, असा तेव्हा समज होता. 1668 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आपले प्रयोग मांडले. काही बरण्यांत मांस उघडे ठेवले, काहींत बंद. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. कोणी म्हणेल, बंद बरणीत हवा नव्हती. म्हणून काही बरण्यांवर त्यांनी विरळ कापड बांधले. हवा आत गेली, माशी जाऊ शकली नाही, मांसात अळीही झाली नाही. अळ्या माशीच्या अंड्यांतून होतात, हे दिसून आले. मासळीवर फडके झाकणाऱ्या आपल्या आयांना हे समजायला अवघड नाही.

स्वयंपाकघरात असे प्रयोग पुष्कळ आहेत. बटाट्याचे सारखे दोन तुकडे कापा. एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. काही तासांनी पहिला ताठ राहतो, दुसरा लिबलिबीत होतो. पेशीतले पाणी पातळ पडद्यातून मिठाकडे निघून जाते. याला परासरण म्हणतात. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावले की पाणी सुटते, ते हेच.

पेशी पाहायची तर मात्र सूक्ष्मदर्शक हवा. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून स्लाइडवर पसरा, आयोडिनचा थेंब टाका, कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडा. घाई केली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडेचे ते गोल मुलांना पेशी वाटतात. खरी पेशी लांबट, विटांच्या भिंतीसारखी ओळीने दिसते. रॉबर्ट हूक यांनी 1665 साली बुचाच्या कापात असे कप्पे पाहून त्यांना 'सेल' म्हणजे लहान खोली हे नाव दिले. कान्हेरीच्या लेण्यांतील भिक्खूंच्या खोल्या आठवा, नाव लक्षात राहील.

आणि सायन्स कोणाला झेपते? हॉलंडमधील लेव्हेनहूक हा टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा. कापडाचे दुकान चालवले, नगरपालिकेत साधी नोकरी केली. लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याने पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले आणि जे दिसले ते तसेच 1676 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले.

पालकांनो, दुसरी नळी केवळ मार्कांसाठी नाही. पावसाळ्यात वस्तीत कावीळ येते, गळ्यात माळा दिसू लागतात. माळ घातली, माणूस बरा झाला, म्हणजे माळेने बरा झाला, असे आपण म्हणतो. पण ज्यांनी माळ घातली नाही ते? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. काहींची मात्र जिवावर बेतते, आणि माळेच्या भरवशावर दवाखान्याचे दिवस वाया जातात. तेथे दुसऱ्या नळीचा प्रश्न विचारणारे एक मूल घरात असले, तर एखादा जीव वाचेल.

म्हणून शाळेच्या पालकसभेत जरूर विचारा, यंदा किती प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने केले? आणि घरी मुलाच्या जर्नलवर सही आहे की नाही एवढेच पाहू नका. शेजारी बसवा आणि विचारा, "दुसऱ्या नळीत काय घातले होते? आणि का?"