दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवरील संशोधन जिल्हा रुग्णालयांत आणा : राज्य शासनास मागणीपत्र

१९९० साली डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. देशातील अशी ही पहिली शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. तरीही जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील आम्हा शल्यचिकित्सकांच्या वाट्याला या विषयातले संशोधन आजवर आलेले नाही. आता निर्णय हवा.

पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण परदेशी अभ्यासांत हजारी साधारण तीन ते पाच आढळते. आमच्याकडे ते किती, हे सांगता येत नाही. टाके काढून रुग्ण घरी गेला की त्याची नोंद संपते. म्हणून राज्यभर एकच नोंदवही ठेवावी. ३०व्या दिवशी आणि वर्षाने प्रत्येक रुग्णाची चौकशी व्हावी आणि त्यासाठी जिल्ह्याला एक नोंद-सहायक द्यावा. फेरतपासणीला येणाऱ्यास एसटीचे भाडे व दिवसाची मजुरी मिळावी. रोजंदारी बुडवून ‘बरं आहे’ एवढेच सांगायला कोण येईल?

दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावे लागले, तर ते डॉक्टरचे अपयश धरू नये, ही आमची अट आहे. तो निर्णय पुष्कळदा जीव वाचवतो. त्यावर ठपका ठेवला, तर नोंदी खोट्या होतील.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला की त्या दिवसाची शस्त्रक्रियांची यादी रद्द होते. गॅसऐवजी पोटाची भिंत उचलून धरण्याची पद्धत भारतातील ग्रामीण शल्यचिकित्सकांनी वापरली आहे. निवडक रुग्णांत ती कमरेतून दिलेल्या भुलेखालीही जमते. सहा जिल्हा रुग्णालयांत तिची नेहमीच्या पद्धतीशी दोन वर्षे तुलना करावी. या अभ्यासावर नैतिकता समितीने ६० दिवसांत निर्णय द्यावा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, इजा झाल्यास उपचार व भरपाई मिळावी आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी प्रसिद्ध व्हावेत.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सरावासाठी ट्रेनर बॉक्स द्यावा.

शस्त्रक्रियेच्या एका रोबोटला कोट्यवधी रुपये लागतात. वरील कामाला त्याहून कितीतरी कमी निधी पुरेल. त्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली करावी.

प्रत्येक मागणीवर ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि नकार असल्यास त्याचे कारणही लिहावे.