नाव नाही कळलं? तसंच लिहा!

थंडीत आपल्या प्रताप नगरजवळ अंबाझरीच्या काठी झुडपांत उत्तरेकडून आलेले वटवट्या पक्षी दिसतात. ब्लिथचा बोरू वटवट्या आणि साइक्सचा वटवट्या, दोघंही मातकट, चिमणीहून लहान! साधारण आवाजही दोघांचा 'चक्'. साइक्सच्या शेपटीच्या कडा फिकट असतात म्हणे, पण तो एका जागी बसेल तर ना!

मग यादीत काय लिहायचं? माझ्या मते सरळ 'वटवट्या, जात कळली नाही'. ई-बर्डवर तशी सोय आहेच. प्रॅक्टिकलमध्ये ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग 'सेट' करायची सवय इथे नको. अंदाजाने नावं ठोकली, तर उद्या कुठला पक्षी खरंच कमी झाला, हे कळणार कसं? बघा, पटतंय का!