गायिका आणि कंपनीची खतावणी

१९८५ साली अमेरिकेतील अटलांटिक कंपनीने १९४७ ते १९७४ या काळातील आपल्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ ध्वनिमुद्रणांचा सात खंडांचा संग्रह बाजारात आणला. कृष्णवर्णीय अमेरिकेच्या या संगीताचे मोल वादातीत आहे. वाद आहे तो हिशेबाचा.

रूथ ब्राउन १९४९ साली या कंपनीसाठी गाऊ लागल्या. पुढील दशकात त्यांच्या तबकड्या इतक्या खपल्या की कंपनीला ‘रूथने बांधलेले घर’ असे म्हटले जाई. साठनंतर मात्र याच बाईंना मुलांच्या पोटासाठी परक्या घरी मोलकरणीचे काम करावे लागले. हे घडले कसे? ध्वनिमुद्रणाचा खर्च व वादकांची बिदागी कंपनी आरंभी भरी आणि नंतर गायिकेच्या तुटपुंज्या स्वामित्वधनातून वळती करून घेई. खर्च गायिकेच्या नावे, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र कंपनीची! शिवाय खपाचे आकडे कंपनीच्याच वहीत. साहजिकच जिच्या कंठावर धंदा उभा राहिला, तीच त्या वहीत कायमची ऋणको ठरली. सावकाराची खतावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावयास नको.

हॉवेल बेगल या वकिलाच्या साह्याने ब्राउन यांनी अनेक वर्षे झुंज दिली. अखेर १९८८ साली त्यांची व इतर अनेक जुन्या कलावंतांची कागदोपत्री कर्जे रद्द करून मागील स्वामित्वधन देण्यास कंपनी राजी झाली. कंपनीच्या चाळिसाव्या वर्धापनाचा जंगी सोहळा तेव्हा तोंडावर आला होता.