विश्लेषण : चांदी महागली, मग कारागिराची कमाई का घटते?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे वसले आहे. इथल्या आदिवासी कुटुंबांना रोख पैशासाठी हिरड्याचा मोठा आधार असतो. लग्नकार्यात पैंजण-जोडवी घ्यायची की नाही, हे बरेचदा त्या पैशावरच ठरते. त्यामुळे घोडेगाव-मंचरच्या छोट्या सराफाची आणि दागिने घडवणाऱ्या कारागिराची कमाई अशा गावांशी बांधलेली आहे.

भाव कोण ठरवते?

चांदीचा भाव जागतिक बाजारात डॉलरमध्ये ठरतो. सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांतूनही तिला मोठी मागणी आहे. केंद्राने जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले. तरीही २०२५ च्या सुरुवातीला किलोला ९० हजारांच्या आसपास असलेली चांदी वर्षअखेरीस दोन लाखांपलीकडे गेली.

कारागिराला फटका कसा?

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी पैंजणांसाठी देशभर ओळखली जाते. तिथे अनेक छोटे कारागीर व्यापाऱ्याच्या चांदीचा दागिना घडवून मजुरी घेतात. चांदीचा वाढलेला भाव त्यांच्या खिशात जात नाही.

समजा, गिऱ्हाईकाकडे १८ हजार रुपये आहेत. ९० रुपये ग्रॅमने त्यात २०० ग्रॅम चांदी येत होती, २०० रुपये ग्रॅमने ९० ग्रॅमच येते. मजुरी वजनावर असेल, तर ती निम्म्याहून खाली येते. नाजूक दागिन्याला वेळ मात्र तेवढाच, कधी जास्तच लागतो.

घडवताना होणारी घटही महागली. १० ग्रॅम घट ९० रुपये ग्रॅमने ९०० रुपयांची होती, २०० रुपये ग्रॅमने ती २ हजारांची होते. स्वतःची चांदी घालून काम करणाऱ्याला भांडवलही दुपटीहून जास्त लागते आणि भाव अचानक पडला, तर तोटा त्याच्याच माथी येतो.

गिऱ्हाईक का अडते?

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे मोडली. झाड गेले की पुढच्या अनेक हंगामांचे उत्पन्न जाते, आणि दागिन्याची खरेदी सर्वांत आधी पुढे ढकलली जाते. अडचणीत दागिना मोडायला नेला, तर टंच कमी निघतो, मजुरी बुडते. एकदा असा अनुभव आला की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढताना बिचकते.

उपाय काय?

मजुरी वजनावर न ठरवता नगावर आणि कामाच्या वेळेवर ठरवावी. किती घट मान्य, हे आधी लिहून घ्यावे. सप्टेंबर २०२५ पासून चांदीला क्रमांकासह हॉलमार्क ऐच्छिक मिळतो. छोट्या सराफांनी तो स्वतःहून घ्यावा आणि पावतीवर वजन, टंच व मजुरी वेगळी दाखवावी.

चांदीचा भाव घोडेगावात ठरत नाही, पण मजुरी आणि पावती तिथेच ठरते. आहुप्याच्या हिरड्याला रास्त भाव मिळणे हाही म्हणूनच चांदीच्या कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे.