इंग्रजी हवे, म्हणून मराठी शाळा सोडायची?

‘पोरगं इंग्रजी बोललं पाहिजे’ ही आज पूर्णगडसारख्या खाडीकाठच्या गावातल्या आईबापांचीही मागणी असते, आणि तिला हसण्याचे कारण नाही. मुचकुंदीच्या मुखातून समुद्रात जाणाऱ्या होडीवरचे जीपीएस यंत्र इंग्रजी बोलते. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हापूस परदेशी निघाला की त्याचे कागद इंग्रजीत होतात. मुंबईतल्या नोकरीची तर गोष्टच नको. वाईट वाटते ते पुढच्या पावलाचे. इंग्रजी यावे म्हणून आईबाप गावची मराठी शाळा सोडतात आणि गणित, विज्ञान, इतिहास सगळेच इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळेत पोराला घालतात. एका विषयापायी बाकीचे सगळे विषय गहाण टाकण्याचा हा व्यवहार. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो घाट्याचा वाटतो. पण दुसरा मार्ग दिसत नाही तेव्हाच माणूस गहाणवटीला येतो, हेही त्याला ठाऊक असते.

दुसरा मार्ग दिसत नाही, कारण मराठी शाळेत दहावीपर्यंत इंग्रजी शिकूनही ते येत नाही, असा लोकांचा अनुभव आहे. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून आले. सहा वर्षांची दहा वर्षे झाली, तक्रार मात्र तीच राहिली. ‘असर’च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २००९ साली आठवीतल्या सुमारे ६० टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता येत होती, २०१६ साली हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले. तेव्हा दोष वर्षांच्या संख्येत नाही, शिकवण्याच्या रीतीत शोधला पाहिजे.

ही रीत मूळची युरोपातली, लॅटिन शिकवण्याची. आधी नियम, मग रूपे पाठ, मग या भाषेतून त्या भाषेत वाक्यांची ने-आण. लॅटिन कोणी बाजारात बोलत नव्हते, त्यामुळे ग्रंथ वाचण्यापुरती ती पुरेशी होती. आपल्यालाही ती परकी वाटली नाही. रत्नागिरीत शिकलेल्या आणि पुढे तिथल्याच हायस्कुलाचे मुख्याध्यापक झालेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची संस्कृतची पाठ्यपुस्तके याच वळणाची, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या पुस्तकांचे ऋण मोठेच आहे. पण तेव्हा थोडेच जण शाळेत जात, आणि त्यांना मुख्यतः कागद वाचायचे व लिहायचे असत. आज शाळेत सगळ्यांची मुले आहेत, आणि त्यांना बोलायचे आहे.

त्या परंपरेतून आपल्या वर्गांत उरले ते ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’. कर्तरीचे कर्मणी करा, ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा. यात उत्तम गुण मिळवून आलेले कितीतरी तरुण मी नोकरीत पाहिले. परत आलेल्या चेकबद्दल खातेदाराला दोन ओळी लिहायच्या म्हटले की ते जुनी फाइल उघडून मजकूर उतरवून काढीत. दिल्लीहून फोन आला की रिसीव्हर शेजाऱ्याच्या हातात देत. मुले हुशार होती. नियमही येत होते. भाषा वापरण्याची वेळ मात्र त्यांच्यावर शाळेत कोणी आणलीच नव्हती.

यावर आपल्या शेजारीच एक प्रयोग झाला होता. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत ‘बंगळूर प्रकल्प’ चालवला. व्याकरणाचा क्रमवार धडा नाही. वर्गापुढे एक नकाशा किंवा रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे आणि त्यावरचा प्रश्न इंग्रजीतून सोडवायचा. लक्ष उत्तराकडे, भाषा वाटेवर जमत जाते. जगभरचे भाषाशिक्षक आज या प्रयोगाचा दाखला देतात.

आपल्याला साहित्याचा तुटवडा नाही. रत्नागिरी स्टँडवरच्या एसटीच्या वेळा, भरती-ओहोटीचे तक्ते, आंब्याच्या पेटीचा हिशेब यांवर रोज वीस मिनिटे इंग्रजीतून प्रश्नोत्तरे झाली तरी पुरे. शिक्षकांनाच अस्खलित बोलता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण पावसची गाडी किती वाजता सुटते हे विचारायला वक्तृत्व लागत नाही. मुलाने अडले तिथे मराठी शब्द घातला तर डोळे वटारू नयेत, एवढेच. व्याकरणही फेकायचे नाही. मराठीच्या विभक्त्या मूल बोलायला लागल्यावर कित्येक वर्षांनी शिकते, आणि तेव्हा त्या त्याला कळतात. इंग्रजीचे नियमही वापरातल्या वाक्यांच्या मागून यावेत.

मग परीक्षाही बदलावी लागेल. २०१९ साली दहावीच्या भाषांची तोंडी परीक्षा नव्हती, निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि पुढच्या वर्षी तोंडी परत आली. तिचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात अशी जुनी तक्रार आहे. ती खरोखरची घेतली जाईल, तेव्हाच वर्गात बोलणे सुरू होईल.

‘मराठी शाळा वाचवा’ असे फलक लावून पालक परतणार नाहीत. आपले पोर मराठीतून गणित समजून घेते आणि इंग्रजीत न बिचकता बोलते, हे त्यांना दिसले पाहिजे. ते दाखवणारी शाळा कोणाला वाचवावी लागणार नाही.