अंड्यावाचून अडलंय कुणाचं?

अस्सलतेचे पहारेकरी हल्ली गोडाच्या ताटाशीही उभे राहू लागले आहेत. त्यांच्यातल्या एका जाणकारांनी नुकतंच बजावलं, की अंडं वगळलेलं आणि कॉफीऐवजी माचा, म्हणजे ग्रीन टीची पूड, घातलेलं तिरामिसू म्हणजे इटलीची फसवणूक आणि जपानची चेष्टा. मुद्दे असे: मूळ कृतीला हात लावू नये, अंड्यावाचून क्रीम उभं राहत नाही, माचा हे फोटोपुरतं हिरवं खूळ, आणि ‘एगलेस’ म्हणजे आपल्या सोवळ्याला चढवलेला इंग्रजी साज. गृहस्थ इटलीला सहलकंपनीबरोबर जाऊन आलेत, तेव्हा अधिकार आहेच.

सोवळ्याचं उत्तर एका ओळीत देतो. दुसऱ्याच्या पानात काय असलंच पाहिजे हे ठरवणं, हेही सोवळंच.

आता मूळ कृती. कोणतं मूळ? पदार्थाचं वय ताणून ताणून साठ-सत्तर वर्षं. व्हेनेतोमधलं त्रेविझो सांगतं, ते आमच्या गावच्या एका रेस्टॉरंटात १९७० च्या आसपास जन्मलं. शेजारच्या फ्रिउलीतलं तोल्मेझ्झो सांगतं, आमच्याकडे १९५० च्या दशकातच होतं. २०१७ साली इटलीच्या पारंपरिक पदार्थांच्या सरकारी यादीत ते फ्रिउलीच्या नावावर चढलं, तेव्हा व्हेनेतोत बरीच आदळआपट झाली. ज्याच्या जन्मदाखल्यावर दोन शेजाऱ्यांचं एकमत नाही, त्याची वंशशुद्धी आमच्या जाणकारांनी राखायची! गंमत पुढेच आहे. त्रेविझोची म्हणून जी कृती सांगतात तिच्यात फक्त पिवळा बलक आहे. फेटलेलं पांढरं नाही, दारूही नाही. आमचे जाणकार पांढरं फेटून मिसळतात, वर मार्साला शिंपडतात आणि त्याला परंपरा म्हणतात. म्हणजे स्वतः भर घातली की संस्कार, दुसऱ्याने वजाबाकी केली की भ्रष्टाचार.

हा वाद जुनाच. श्रीखंडात आंबा घातला तेव्हाही नाकं मुरडणारे असतीलच, आणि आज त्यांची नातवंडं आम्रखंडाची दुसरी वाटी मागतात. उलट चॉकलेटच्या मोदकाला मी आजही मोदक म्हणत नाही. त्यात ना उकड, ना सारण, ना वाफ. उरला तो साचा. फरक कळायला इटलीला जावं लागत नाही. पदार्थाचा जीव कशात आहे ते शोधायचं आणि बदलानंतर तो जिवंत आहे का ते बघायचं. चॉकलेटच्या मोदकात तो नाही. माचाच्या तिरामिसूत असू शकतो.

तर अंडं. माझं खरं भांडण इथे आहे, कारण इथे जाणकार शास्त्राची झूल पांघरून येतात. म्हणे, अंडं क्रीमला ‘बांधतं’. अहो, अंडं बांधतं ते शिजल्यावर. बलक घट्ट व्हायला साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तिरामिसू भट्टीत जात नाही, चुलीवर चढत नाही, ते जातं फ्रीजमध्ये. तिथे कच्चा बलक कोणाला बांधणार? त्या क्रीमला उभं करतं ते मस्कारपोनेमधलं लोणी. मस्कारपोने म्हणजे सायीला ८५-९० अंशांपर्यंत तापवून, आंबट घालून, फडक्यात निथळलेला गोळा. त्यात चाळीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश सहज असतो. थंडीत तो स्निग्धांश घट्ट होतो, म्हणून सुरीने तुकडा कापता येतो. बलकाचं काम त्यात दुय्यम: थोडी हवा धरणं, साखर विरघळवणं, पाणी आणि चरबीचं भांडण मिटवणं, आणि तो सुंदर पिवळसर रंग. हवा धरायला फेटलेली साय आहे. भांडण मिटवण्यापुरती दुधातली प्रथिनं मस्कारपोनेमध्ये आहेतच. रंग तर माचा घातल्यावर कोण बघतो? बलक साखरेबरोबर वाफेवर फेटून घेणारे लोक आहेत, त्यांचा बलक खरोखर दाट होतो. त्यांच्याशी वाद नाही. पण आमच्या जाणकारांचा आग्रह कच्च्याचा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, हे सांगितलं तर म्हणतात, इटलीत कुणी मरत नाही. बरं.

एक हिशेब मात्र आमच्या बाजूच्यांनाही चुकवता येणार नाही. क्रीममधलं अंडं काढून ‘एगलेस’ची पाटी लावणारे खालच्या भिजलेल्या बिस्किटाकडे बघतच नाहीत. सावोयार्दी ही लांबट बिस्किटं अंडं फेटूनच होतात. काही महाभाग तर क्रीमला जिलेटिन लावतात, जे जनावराच्या कातडी-हाडांतून येतं, आणि वर हिरवा ठिपका मिरवतात. अशांची बाजू मी घेणार नाही.

माचा फोटोपुरता असतो हा आरोप पुष्कळ कॅफेंच्या बाबतीत खरा आहे. व्हाइट चॉकलेट, पामतेलाचं टॉपिंग आणि रंगाला चिमूटभर पावडर: त्याला खुशाल झोडा. पण म्हणून माचाला खूळ म्हणायचं? एइसाई हा भिक्षू ११९१ साली चीनहून परतला, तेव्हापासून जपानात चहाची पूड घुसळून पिण्याची चाल रुजली असं मानतात. उजीच्या मळ्यांत तोडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडांवर आडोसा धरतात, त्याने पान गर्द होतं आणि चव भरते. मग शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात, तासाला जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. जपानी चहासमारंभात आधी गोड खायचं आणि मग हा कडू चहा प्यायचा, अशी रीत आहे. तिरामिसूचा सगळा खेळ तोच तर आहे: खाली भिजलेलं कडू, मध्ये साय, वर कडू पूड. १९९० च्या सुमारास तिरामिसूने जपानला वेड लावलं. त्यांनी पुढे त्यात आपला कडूपणा घातला, यात नवल कसलं?

मग करायचं कसं? बिस्किटाऐवजी दही-सोड्याचा पातळ स्पंज भाजून, पट्ट्या कापून पुन्हा मंद भट्टीत वाळवावा. कंटाळा असेल तर अंडं नसलेला साधा टोस्ट. माचा चाळून घ्यावा, नाहीतर गाठी होतात. पाणी उकळतं नको, ७०-८० अंशांचं. मस्कारपोने घरी करायला दुकानातलं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम आणि लिंबाचा रस चालतो, पण फेटायला ते कामाचं नाही. त्याला ३५ टक्क्यांच्या आसपासचं हवं, आणि फेटताना थांबता आलं पाहिजे, नाहीतर लोणी निघतं. साखर हात राखून, कारण कडूपणा मेला की पदार्थ मेला. रात्रभर फ्रीजमध्ये. वरची पूड अगदी वाढताना. आधी भुरभुरली तर ओल धरून शेवाळासारखी काळपट होते.

एवढं करूनही जाणकारांना अंडं हवंच असेल, तर शेजारी एक उकडून ठेवता येईल. मीठ-मिरी वेगळी.